घरच्या घरी, चार माणसांत: उतारवयातला वाढदिवस कसा करावा

वाढदिवस म्हटलं की आता चौकातलं फ्लेक्स आठवतं. तलवारीने कापलेला केक, नावाआधी 'भावी' लावलेली पदवी आणि रात्री अकरापर्यंत डीजे. ज्यांना तसा हवा त्यांनी तसा करावा. हा लेख आहे तो घरात सत्तर-पंचाहत्तर ओलांडलेलं माणूस असलेल्यांसाठी, ज्यांना त्याचा दिवस गाजावाजा न करता पण मनासारखा करायचा आहे. आणि ज्यांचा स्वतःचाच वाढदिवस आहे त्यांनीही वाचावा, मग गुपचूप लेकरांच्या मोबाइलवर पाठवून द्यावा. तोंडाने सांगायला संकोच वाटतो, पाठवायला वाटत नाही.

एक गोष्ट आधीच सांगते, कारण पुढचं सगळं तिच्यावरच बेतलेलं आहे. आपण वडीलधाऱ्यांना उत्सवमूर्ती करून टाकतो. खुर्चीत बसवलं, शाल घातली, फोटो काढले, आणि जेवणं उरकल्यावर आपण आपल्या गप्पांना मोकळे. ज्या बाईने जन्मभर दारात आलेल्याला 'जेवल्याबिगर जाऊ नको' म्हटलं, तिला तिच्याच घरात पाहुणी करून बसवलं की ती अवघडते. त्या दिवसाचे यजमान तेच. काय शिजायचं, कोण यायचं, जाणाऱ्याच्या पिशवीत काय घालायचं, हे त्यांनी ठरवायचं. पळापळ आपली.

दिवस कोणता धरायचा

पहिली अडचण तारखेचीच. आपल्याकडच्या, म्हणजे मराठवाड्यातल्या, जुन्या पिढीत १ जूनला जन्मलेली माणसं इतकी आहेत की त्या दिवशी कुणाकुणाला शुभेच्छा द्याव्यात कळत नाही. उजवा हात डोक्यावरून डाव्या कानाला पुरला की पोरगं पहिलीत बसायचं, आणि गुरुजी शाळेच्या हिशेबाने १ जून टाकून मोकळे व्हायचे. शाळेचं तोंड न पाहिलेल्या कितीतरी बायकांच्या आधार कार्डावर १ जानेवारी दिसते, कारण नोंदणीच्या वेळी नुसतं वय सांगितलेलं होतं. पेन्शन, बँक, रेशन सगळं या कागदी तारखेवर चालतं, तेव्हा तिला हात लावू नका. पण घरात साजरा करायचा दिवस तोच असला पाहिजे असं काही नाही.

खरा दिवस शोधायचा तर तारीख विचारू नका, खुणा विचारा. तुमची आई काय सांगायची? पोळा झाला होता का? ज्वारी काढणीला आली होती का? रझाकाराच्या आधी की नंतर? रझाकार म्हणजे निजामाच्या बाजूने लढणाऱ्या टोळ्या; त्यांना संपवणारी पोलीस ॲक्शन सप्टेंबर १९४८ मधली. मराठवाडा मुंबई राज्यात आला १ नोव्हेंबर १९५६ ला, नवे पैसे सुरू झाले १ एप्रिल १९५७ ला, महाराष्ट्र झाला १ मे १९६० ला. अशा एखाद्या खुणेच्या आगेमागे वर्ष सापडतं, आणि सण-सुगीवरून महिना. 'पोळ्याच्या करीला' एवढंच कळलं तरी तिथी हाती आली: पोळा श्रावण अमावस्येला, त्याची कर म्हणजे भाद्रपद शुद्ध प्रतिपदा. निजामाच्या अमदानीतला एखादा कागद ट्रंकेत निघाला आणि त्यावर फसली साल, म्हणजे तेव्हाचं सरकारी महसुली वर्ष, असेल, तर त्यात ५९० मिळवा. इसवी सन येतो, फार तर एका वर्षाचा फरक पडतो. कागद उर्दूत असेल तर गावातल्या उर्दू शाळेच्या मास्तरांना दाखवा, ते आनंदाने वाचून देतात.

तिथी धरली की इंग्रजी तारीख दरवर्षी मागेपुढे होते, आणि जन्माचा महिनाच अधिक आला तर घरोघरी निज, म्हणजे अधिकानंतरच्या नेहमीच्या, महिन्यातली तिथी धरतात. गंमत अशी की दर १९ वर्षांनी चंद्र-सूर्याचा हिशेब पुन्हा जुळतो. म्हणून १९, ३८, ५७ आणि ७६ वर्षं पूर्ण होताना तिथी आणि तारीख एकाच दिवशी येतात, फार तर दिवसभर इकडेतिकडे. घरात कुणाला ७६ पूर्ण होत असतील आणि तिथी पक्की माहीत असेल, तर कागदावरची तारीख खरी की गुरुजींच्या हातची, याचा निकाल पंचांग उघडून लावता येतो.

काहीच धागा लागला नाही तर त्यांनाच दिवस निवडू द्या. आमच्या आत्याबाईंनी अक्षय्य तृतीया निवडली. म्हणाल्या, "त्या दिवशी पुरण तर करावंच लागतं, तुमचा खर्च वाचला."

पंचाहत्तरी, सहस्रचंद्रदर्शन वगैरे

शांती करायची असेल तर ती वाढदिवसाच्या दिवशीच उरकू नका, असं माझं स्पष्ट मत आहे. होम, अभिषेक, गुरुजींची दक्षिणा, ब्राह्मणभोजन यात तीन-चार तास सहज जातात, आणि धुरात बसायचं असतं दमेकरी माणसाने. वेगळा दिवस ठेवा, होम अंगणात किंवा गच्चीवर करा, आणि यजमानांना मुख्य संकल्पापुरतंच बसवता येईल का ते गुरुजींशी आधी बोलून घ्या. बहुतेक जण हो म्हणतात. सहस्रचंद्रदर्शनाचा हिशेब अनेकांना हवा असतो: पौर्णिमा ते पौर्णिमा साधारण २९.५३ दिवस, म्हणजे हजार पौर्णिमांना २९,५३० दिवस, साधारण ८० वर्षं १० महिने. म्हणून तो ८१ व्या वर्षात करतात.

'मला काही नको' म्हणाले तर

म्हणणारच. त्यावर 'बरं' म्हणून गप्प बसू नका आणि 'असं कसं' म्हणून अंगावरही जाऊ नका. या 'नको'मागे बहुतेक वेळा खर्चाची धास्ती असते, नाहीतर सुनेला दगदग होईल ही काळजी. कधी कधी मात्र त्यामागे जोडीदार गेल्याचं दुःख असतं, आणि ते त्यांना बोलून दाखवायचं नसतं. त्या वर्षी केक, फुगे, फोटो काहीच नको. गेलेल्या माणसाच्या आवडीचा एखादा पदार्थ करा, ताट वाढताना त्यांचं नाव घ्या. नाव टाळलं की घरात सगळेच अवघडून बसतात.

मोठा प्रश्न विचारला की मोठा नकार येतो. 'वाढदिवस करायचा का?' असं विचारूच नका. 'रविवारी पुरण घालू की शेवयाची खीर करू?', 'धाकट्या मावशीला आणायला गाडी पाठवू का?' असं विचारा. याला उत्तर मिळतं. आणि सरप्राइज हा प्रकार या वयात शक्यतो टाळा. अंधाऱ्या खोलीत एकदम दिवा लावून दहा माणसं ओरडली, तर रक्तदाबाच्या माणसाला ती गंमत वाटत नाही. शिवाय वाट पाहण्यातला आनंदही हुकतो, आणि म्हातारपणी तो मोठा असतो. आठ दिवस आधी सांगा. ते रोज कॅलेंडरकडे बघतील, जुनं पातळ उन्हात टाकतील, न्हाव्याला बोलवायला सांगतील. वाढदिवस तिथूनच सुरू झालेला असतो.

माणसं किती आणि कोण

एका वेळी घरचे धरून आठ-दहा. त्यापुढे गेलं की ऐकू कमी येणाऱ्या माणसाला नुसता गलका ऐकू येतो आणि ते मान डोलवत हसत राहतात. आपण समजतो मजेत आहेत.

पण भावकीचं काय? एकाला बोलावलं आणि दुसऱ्याला नाही, तर ते पुढच्या लग्नापर्यंत ऐकून घ्यावं लागतं. त्यावर उपाय म्हणजे कुणालाच नाही म्हणायचं नाही, फक्त दिवस वाटून द्यायचे. असा निरोप पाठवता येईल:

"आबांना येत्या रविवारी ८० पूर्ण होत आहेत. त्यांच्या इच्छेप्रमाणे त्या दिवशी फक्त घरातली मंडळी आहोत. सोमवारपासून आठवडाभर रोज संध्याकाळी पाच ते सात आबा घरीच आहेत, सवडीने चहाला जरूर यावे. आहेर, बुके, केक आणू नये. जुना फोटो असेल तर तो मात्र आणावा."

आठवडाभर रोज दोन-तीन माणसं येतात, निवांत बसतात, फोटो निघतात, आणि कुणाचा रुसवा राहत नाही. एकाच दिवशी चाळीस माणसं येऊन गेल्यापेक्षा आबांनाही हे जास्त मानवतं. ज्यांना सगळ्यात जास्त यावंसं वाटतं पण येववत नाही, अशा त्यांच्या वयाच्या बहिणी, वर्गमित्र, शेजारचे काका यांना मात्र आपण गाडी करून आणायचं. नातवाचे चार मित्र कमी असले तरी चालतील.

वेळ ठरवताना

१ जूनच धरला असेल तर आधी उन्हाचा विचार करा. मृग अजून लागायचा असतो, परभणी-नांदेडकडे मेअखेर पारा ४२-४३ अंशांवर जातो आणि वीज नेमकी दुपारी जाते. कार्यक्रम सकाळी साडेनऊच्या आत किंवा दिवेलागणीनंतर. हिवाळ्यातला वाढदिवस असेल तर उलट: सकाळी अकराच्या कोवळ्या उन्हात ओट्यावर, गच्चीवर, नाहीतर जुना वाडा असेल तर ढाळजेत, म्हणजे दारालगतच्या बैठकीत. नळाला चार-सहा दिवसांआड पाणी येणाऱ्या शहरात राहत असाल तर पाण्याचा दिवस आणि वाढदिवस एकत्र येऊ देऊ नका. घरातले अर्धे लोक मोटर आणि टाकीपाशी अडकतात.

त्यांचा रोजचा क्रम मोडू नका. दहाला नाश्ता, साडेबाराला जेवण, दोन ते चार आडवं होणं, सातला हरिपाठ हे त्यांचं घड्याळ असेल, तर वाढदिवस त्या घड्याळात बसवा. खरं तर हरिपाठाची वेळ धरून चार टाळकरी बोलावले तर वेगळा कार्यक्रम लागतच नाही. अर्ध्या-पाऊण तासात हरिपाठ होतो, मग प्रसाद आणि चहा.

बसायची जागा

पाट-रांगोळीचा हट्ट सोडा. गुडघे धरलेल्या माणसाला पाटावर बसवायला दोघं आणि उठवायला तिघं लागतात, आणि ते सगळ्यांदेखत. हात असलेली, फार खोल नसलेली खुर्ची घ्या, भिंतीला पाठ करून ठेवा आणि रांगोळी खुर्चीच्या बाजूंनी काढा, चालायच्या वाटेवर नको. गुळगुळीत फरशीवर रांगोळीची पूड सांडली की पाय सटकतो. पायपुसणी आणि वायरी त्या दिवसापुरत्या उचलून ठेवा. तेल लावून आंघोळ घालायची असेल तर न्हाणीत खाली बसू द्या, उभ्याने नाही, आणि पायाच्या तळव्यांना तेल लावू नका.

ऐकू कमी येत असेल तर टीव्ही, मिक्सर, कुलर बंद. बोलणाऱ्याच्या तोंडावर उजेड पडला पाहिजे, पाठीमागे खिडकी नको. ओठ दिसले की अर्धं बोलणं कळतं. ओरडू नका, हळू आणि एकेकाने बोला. श्रवणयंत्राच्या बॅटऱ्या आदल्या दिवशी तपासा.

घरात ऑक्सिजनचं मशीन किंवा सिलिंडर चालू असेल तर त्या खोलीत निरांजन नाही, मेणबत्ती नाही, उदबत्तीही नाही. इथे कुणाच्या भावना सांभाळू नका. औक्षण फुलांनी आणि अक्षतांनी करा.

औक्षण

ताम्हणात हळद-कुंकू, अक्षता, सुपारी, सोन्याची अंगठी, निरांजन. खुर्ची पूर्वेकडे तोंड करून. ओवाळणाऱ्याने वाकायचं नाही, ताम्हण त्यांच्या छातीच्या उंचीवर ठेवून दोन हात लांबूनच सावकाश फिरवायचं. मोतीबिंदूचं ऑपरेशन नुकतं झालेल्या डोळ्यांना ज्योत जवळून चमकते आणि ते डोळे मिटून घेतात, मग फोटोत सगळे मिटलेले डोळे. अंगठी-सुपारी आधी ओवाळा, मग निरांजन. अक्षता डोक्यावर टाकताना मूठभर नको, चार दाणे पुरे. उरलेल्या पदरात, खुर्चीत आणि नंतर पायाखाली येतात. पाया पडणाऱ्यांनी एकेक करून यावं, आणि त्यांचा हात प्रत्येकाच्या डोक्यावर टेकेपर्यंत थांबावं. लगबगीत हा हात हवेतच राहतो.

आई विधवा असेल तर तिला औक्षणापासून लांब ठेवायची रीत अजून बऱ्याच घरांत आहे. ती मोडा. तिला कुंकू लावायचं की नाही हे तिला विचारा, पण ओवाळायचं नक्की, आणि नातवाला ओवाळताना ताम्हण तिच्याही हातात द्या. कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने मे २०२२ मध्ये विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला आणि त्याच महिन्यात राज्य सरकारने बाकीच्या ग्रामपंचायतींसाठीही तसं परिपत्रक काढलं. कागदावर झालेली गोष्ट घरात व्हायला एक वाढदिवस पुरतो.

ज्या घरांत औक्षणाची रीत नाही तिथे प्रश्नच नाही. बौद्ध घरांत वंदना होते, मुसलमान घरांत दुआ मागतात, आणि ती मागायचा मान घरातल्या सगळ्यात मोठ्या माणसाचा. केक हवा असेल तर आणा, पण मेणबत्त्या विझवण्यापेक्षा समई लावायला सांगा. पुष्कळ वडीलधाऱ्यांना ज्योत फुंकणं खटकतं, ते बोलत नाहीत इतकंच.

जेवण

इथे थोडं सविस्तर सांगते, कारण वाढदिवस बिघडतो तो ताटावर.

सकाळी हलकं. सुशीला, म्हणजे भिजवलेल्या मुरमुऱ्यांचा फोडणीचा नाश्ता, उत्तम, पण मुरमुरे नीट भिजलेले आणि शेंगदाणे कुटून घातलेले. दुपारी पुरण घालणार असाल तर येळवण्याची (पुरणाची दाळ शिजवून काढलेल्या पाण्याची) आमटी, मऊ भात, तूप, वांग्याची पातळ भाजी, काकडीची किसून कोशिंबीर आणि एखादं भजं. येसर, म्हणजे भाजलेल्या धान्याचं मसाला घालून दळलेलं पीठ, घरात असेल तर आमटी येसराची करा. लग्नाच्या पंगतीची ती चव जिभेवर आली की कुणाच्या तरी लग्नाची गोष्ट निघतेच. जूनमध्ये आमरस, थंडीत सीताफळ. खव्याचे पेढे हवे असतील तर त्याच दिवशी आणा. उन्हाळ्यात बासुंदी, श्रीखंड, खवा तासाभराहून जास्त बाहेर ठेवू नका.

दात नसलेल्यांसाठी पुरणपोळी अशी करा: दाळ बोटाने दाबल्यावर पार विरघळेपर्यंत शिजवायची, पुरण चाळणीतून काढायचं, पोळी तळहाताएवढी आणि पातळ. ताटात चार तुकडे करून त्यावर दोन चमचे कोमट दूध, वर तूप, आणि झाकण ठेवून दोन मिनिटं. मग ती जिभेने मोडते. सगळ्यांच्याच पोळ्या तेवढ्याच आकाराच्या करा, म्हणजे 'म्हातारीची वेगळी' असं दिसत नाही. दूध घालून भिजवलेल्या दशम्याही चालतात.

मधुमेह असेल तर 'गुळाचं चालतं' हा समज काढून टाका. गुळाने साखर वाढते ती वाढतेच. तळहाताएवढी एक पोळी, तीही ताटात पहिली नाही, आधी आमटी-भाजी-कोशिंबीर. त्या दिवशी भात थोडा कमी. आणि 'आज गोड खाल्लंय' म्हणून गोळी किंवा इन्सुलिन आपल्या मनाने वाढवू नका. याहून मोठा धोका उलटा असतो: जेवणाआधीची गोळी किंवा इन्सुलिन घेऊन झालेलं असतं, आणि कुणीतरी 'दहा मिनिटांत पोचतोय' म्हणून पंगत तासभर थांबते. हात थरथरायला लागले, घाम फुटला, बोलणं असंबद्ध झालं तर ३ चमचे साखर पाण्यात ढवळून द्या, १५ मिनिटांनी साखर पुन्हा तपासा, मग जेवायला वाढा. शुद्ध नसेल तर तोंडात काहीही घालू नका, सरळ दवाखाना. पाहुण्यांची वाट न बघता त्यांचं ताट वेळेवर वाढायचं, हा नियमच ठेवा.

रक्तदाबाला पापड, लोणचं, फरसाण यांत हात आखडता. किडनीचा त्रास असेल तर कौतुकाने मोसंबीचा रस किंवा शहाळं पुढे करण्याआधी डॉक्टरांना विचारा, त्यातलं पोटॅशियम काहींना चालत नाही. पक्षाघात होऊन गेलेल्या माणसाला ताठ बसवूनच भरवा, घास लहान, आणि जेवल्यावर अर्धा तास आडवं होऊ देऊ नका.

स्वयंपाकात त्यांचा हात लागू द्या. आईने पुरणाची चव बघून 'वेलदोडा कमी आहे' म्हणायचं असतं. कमी नसेल तरीही.

गप्पा आणि रेकॉर्डिंग

'आजी, काहीतरी सांग ना' म्हटलं की आजी म्हणते, 'काय सांगू बाई.' प्रश्न बारीक हवा. लग्नात हुंड्याचे पैसे हाली (निजामाचे) होते की कलदार (इंग्रजांचे)? बहात्तरच्या दुष्काळात खडी फोडायला कुठल्या कामावर होतीस? मिलोची, म्हणजे बाहेरून आलेल्या लाल ज्वारीची, भाकरी कशी व्हायची? दुष्काळी कामावरचा कोरडा खाऊ, ती सुकडी, कोण वाटायचं? पैठणचं धरण झालं तेव्हा सोयऱ्यांतलं कुणाचं गाव उठलं? (त्या धरणाची, म्हणजे जायकवाडीची, पायाभरणी १९६५ ची, लोकार्पण १९७६ चं. एवढं आपल्याला माहीत असलं तर प्रश्न नेमका जातो.) जुना फोटो हातात दिला की याहून सोपं. त्यात मागे उभा असलेला मुलगा कोण, हे सांगता सांगता अर्धा तास जातो.

लातूर-धाराशिवकडच्या घरांत ३० सप्टेंबर १९९३ चा विषय मात्र आपण काढू नये. भूकंपात घरातलं माणूस गेलेलं असेल तर त्यांनी स्वतःहून काढला तरच ऐकावं, आणि तेव्हा मोबाइल बंद ठेवावा.

बाकी वेळी विचारून रेकॉर्ड करा. मोबाइल फ्लाइट मोडवर, म्हणजे मध्येच फोन येत नाही. टेबलावर घडी केलेला टॉवेल, त्यावर मोबाइल, त्यांच्यापासून हातभर अंतरावर. कुलर-पंखा तेवढ्यापुरता बंद, म्हणून एका बैठकीत वीस मिनिटंच. मध्ये दुरुस्त्या करू नका. 'तसं नाही, ते साल वेगळं' म्हटलं की बोलणं थांबतं. फाइलला नाव, तारीख आणि विषय द्या आणि लगेच आणखी दोघांना पाठवा. ओव्या ऐकायच्या असतील तर नुसतं 'म्हण' म्हणून जमत नाही. अडगळीतलं जातं पुसून काढा, मूठभर दाळ घाला आणि खुंट्याला हात लावू द्या. हात फिरला की ओळ येते.

लांबच्या लेकरांचे फोन

व्हिडिओ कॉलची वेळ आधी ठरवा, नाहीतर ताटावर बसलेलं असताना फोन वाजतो. आपल्याकडे संध्याकाळचे साडेसात म्हणजे उन्हाळ्यात लंडनला दुपारचे तीन, न्यूयॉर्कला सकाळचे दहा आणि कॅलिफोर्नियाला सकाळचे सात. हिवाळ्यात तिकडे सगळीकडे एक तास कमी धरा. एकदम सहा चौकोन पडद्यावर नको. एकेका घराशी दहा मिनिटं, आणि फोन टेबलावर उभा करून ठेवा, त्यांच्या हातात धरायला देऊ नका. नातवंडांनी 'हॅपी बर्थडे' म्हणून पळून जाण्यापेक्षा काहीतरी दाखवावं: चित्र, पडलेला दात, शाळेची वही. आजोबा दाताबद्दल दहा मिनिटं बोलतात.

द्यायचं काय, घ्यायचं काय

शाली कपाटात आधीच सहा असतात. चष्म्याची नवी काच, काठीच्या टोकाचं झिजलेलं रबर, न्हाणीत धरायला पक्की बसवलेली दांडी, रात्री न्हाणीच्या वाटेवर जळणारा छोटा दिवा, गोळ्यांचा आठवड्याचा डबा: या भेटी दिसायला साध्या, पण रोज हाताला लागतात. जरा हौसेचं हवं असेल तर त्यांच्या किंवा त्यांच्या आईच्या जुन्या लुगड्यांची वाकळ शिवून घ्या. शिवणारणीला आधी दोन महिने सांगावं लागतं, आणि कोणतं लुगडं वर लावायचं हे त्यांनाच ठरवू द्या.

कागदावर ७० पूर्ण झाली असतील तर आयुष्मान वय वंदना कार्ड काढून द्या, त्यात ५ लाखांपर्यंतच्या उपचाराचं संरक्षण आहे. ७५ पूर्ण झाली की राज्यात एसटीचा प्रवास फुकट आहे, ऑगस्ट २०२२ पासून. हे कळलं की आबा पंढरपूरचा विषय काढतातच, तेव्हा सोबत कोण जाणार ते आधी ठरवून ठेवा.

आणि आता त्यांच्या हातून द्यायचं. जाणाऱ्या प्रत्येकाला वानोळा: किलोभर तुरीची दाळ, शेतातल्या शेंगा, चार लिंबं, हळद, जे घरात असेल ते. पिशव्या आपण आदल्या दिवशी भरून त्यांच्या खुर्चीशेजारी ठेवायच्या, कुणाला कोणती ते त्यांना सांगू द्यायचं. नातवंडांसाठी नव्या नोटा त्यांच्या बटव्यात ठेवा, बँकेतून आधीच आणून. ओवाळणी घेणारे हात पुष्कळ असतात, घालणारा हात त्यांचा असू द्या.

विसर पडत असेल तर

'मला ओळखलं का?' हा प्रश्न त्या दिवशी घरात बंदी. परीक्षा घेतल्यासारखं होतं आणि चेहरा पडतो. जवळ जाऊन, समोर बसून, 'माय, मी सुमन, तुमची धाकटी' असं स्वतःच सांगा, दर वेळी. माणसं चार-पाचच, वेळ सकाळची. अशा बऱ्याच माणसांना संध्याकाळी घालमेल वाढते, म्हणून दिवेलागणीनंतर काही ठेवू नका. त्यांनी गेलेल्या भावाची वाट बघितली तर 'तो तर वारला' असं सांगू नका. 'कसा होता हो तो लहानपणी?' विचारा. ओळखीचं भजन, लहानपणीचं गाणं हे नावांपेक्षा जास्त टिकतं, तेव्हा ते लावा. मध्येच उठून आत जाऊन पडल्या तर जाऊ द्या. वाढदिवस तेवढाच.

उरलेला दिवस आणि दुसरा दिवस

पाहुणे वेळेवर उठले पाहिजेत. यजमान स्वतः 'जा' म्हणणार नाहीत, म्हणून घरातल्या एकाने ते काम अंगावर घ्यावं: 'आबांच्या गोळ्यांची वेळ झाली' एवढं वाक्य पुरतं. रात्रीच्या जेवणाला पुन्हा गोड नको. खिचडी-कढी किंवा दूध-भाकरी कुस्करून. रात्रीच्या गोळ्या दिल्या का हे दोघांनी बघा, गडबडीत एक तर राहतात किंवा दोनदा जातात.

दुसऱ्या दिवशी सकाळी मधुमेह असेल तर साखर तपासा आणि आकडा वहीत लिहा. उरलेलं पुरण फ्रिजमध्ये असेल तर दोन दिवसांत संपवा, शेजाऱ्यांकडे द्या. पुण्या-मुंबईची सगळी लेकरं एकाच गाडीने एकाच सकाळी निघून गेली की दुपारी घर खायला उठतं. शक्य असेल तर एकाने एक दिवस मागे राहावं, नाहीतर निदान त्या संध्याकाळी फोन करावा. विषय आयता असतो: कोण आलं होतं, कोण काय बोललं, कुणाची पोळी जाड झाली होती. यावर त्यांचं मत ठरलेलं असतं आणि ते ऐकवायला माणूस हवं असतं.